साडेचारशे रुपयांची रविवार संध्याकाळ

पत्र

ताई, मी वारज्यात पोळीभाजी केंद्र चालवते. वय एकोणचाळीस. सहा वर्षांपूर्वी घरच्या ओट्यावर सुरुवात केली, आता सोसायटीखालचा गाळा भाड्याने घेतलाय. पाच बायका कामाला आहेत. रोजचे डबे, काउंटरवर पोळ्या-भाज्या आणि सणाला मोदक, पुरणपोळी, फराळ. पहाटे साडेचारला उठते, रात्री अकराला शटर खाली येतं. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, शिफ्ट ड्यूटी. मुलगी दहावीला. सासूबाई आमच्याकडेच असतात.

पैसा बरा मिळतो, खोटं कशाला बोलू. फ्लॅटचा अर्धा हप्ता आणि मुलीच्या क्लासची फी केंद्रातूनच जाते. पण यंदा गौरीजेवणाला घरी सवाष्ण पानावर बसली होती आणि मी खाली लोकांच्या पुरणपोळ्या पॅक करत होते. आरतीला वर आले, तर एका हातात घंटी आणि दुसऱ्या हातात फोन. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘अख्ख्या वारज्याच्या देवांचा नैवेद्य करतेस, आपल्या देवाला तेवढा वेळ नाही.’ आमचं कुलदैवत जेजुरीचं, दोन वर्षांत जाणं झालेलं नाही. मिस्टर म्हणतात, एवढी ओढाताण होतेय तर बंद करून टाक. मुलगी काहीच म्हणत नाही, ते जास्त लागतं.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असतात म्हणून कॉलेजची मुलं आमच्याकडे येतात, त्यामुळे तोही दिवस सुटत नाही. भाजीत मीठ माझ्याशिवाय कोणी घालत नाही, मग हलणार कशी? टाचा दुखतात. आता दिवाळीच्या ऑर्डरी सुरू होतील. धंदा, घर, देव आणि झोप यांचा मेळ कसा घालू? तुम्ही पूर्वी छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहायचात असं या सदरात वाचलं होतं, म्हणून गेल्या महिन्याचा हिशेब आणि हजेरीच्या वहीचे फोटो जोडतेय.

एक वाचक, वारजे

उत्तर

ताई, हिशेब जोडलात हे फार बरं केलंत. मेळ कसा घालू असं विचारणारी पत्रं पुष्कळ येतात, पण सोबत आकडे नसतात. आकडे नसले की मलाही चार गोड वाक्यं लिहिण्यापलीकडे काही सुचत नाही. तुमच्या कागदांतून मी रविवार संध्याकाळ तेवढी वेगळी काढली.

जमा सरासरी 4,200 रुपये. किराणा, भाजी, गॅस मिळून 2,100. दोन बायकांची संध्याकाळच्या पाच तासांची मजुरी 800. डिलिव्हरीच्या मुलाचे 300. डबे, पिशव्या आणि अ‍ॅपवाल्यांचं कमिशन 550. खर्च झाला 3,750, हातात उरले 450. यात गाळ्याचं भाडं मी धरलेलं नाही, कारण शटर बंद असलं तरी ते द्यायचंच आहे. तुमची मजुरीही धरलेली नाही, कारण ती तुम्ही कधी लिहीतच नाही. दुपारी चार ते रात्री अकरा, म्हणजे सात तास. तासाला पासष्ट रुपयेसुद्धा पडत नाहीत. पोळ्या लाटणाऱ्या बाईला तुम्ही तासाला ऐंशी देता. म्हणजे रविवारी संध्याकाळी तुमच्या केंद्रात सगळ्यात कमी पगारावर राबणारी बाई मालकीण आहे.

महिन्याचे चार रविवार धरले तर 1,800 रुपये. तुमच्या एकूण उलाढालीत ही रक्कम कुठे बसते ते तुम्हीच पाहा. रविवार संध्याकाळ बंद करा, असं मी स्पष्टच सांगते. मेसवाले बंद ठेवतात म्हणून आपल्याकडे गिऱ्हाईक येतं असं तुम्ही म्हणता, पण मेसवाल्यांनी हा हिशेब केव्हाच करून ठेवलाय. पुण्यात शिकलेल्या कोणालाही विचारा: रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी मेसला कुलूप. पोरं उपाशी मेलेली नाहीत. मिसळ खातात, ऑम्लेट-पाव खातात, नाहीतर आत्याकडे जातात.

‘थोडं लवकर बंद करीन’ असं मात्र करू नका. आठचे साडेआठ होतात आणि शेवटच्या डब्यासाठी नऊ वाजतात. दुपारी तीनला शटर खाली, ते सोमवारी पहाटेच वर. सोमवारची तयारी रविवारी संध्याकाळी घुसणार नाही, याची व्यवस्था आधीच लावा. मार्केट यार्ड शनिवारी बंद आणि रविवारी आवक मोठी, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. भाजी रविवारी सकाळीच येऊ दे. सोमवारी उसळ ठेवा. मटकी शनिवारी रात्री भिजत घातली, रविवारी सकाळी फडक्यात बांधली की सोमवारी मोड आलेले असतात, आणि संध्याकाळी चिरायला बसायचं काही उरत नाही.

दुकानांसाठी आपल्या राज्यात 2017 साली नवा कायदा आला. सातही दिवस दुकान उघडं ठेवायला त्याने मोकळीक दिली, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग 24 तास सुट्टी मिळालीच पाहिजे ही अट घातली. तुमच्यासारख्या चार-पाच माणसांच्या गाळ्याला ते कलम लागूही होत नाही. तरी तुम्ही पाचही जणींना आळीपाळीने सुट्टी देता, हे हजेरीच्या वहीत दिसलं आणि मला तुमचं कौतुक वाटलं. त्याच वहीत तुमचं नाव नाही. मालकाला सुट्टी देणारा कायदा कोणी केलेला नाही. तुमच्या बाबतीत तर कामगार आणि मालकीण एकच. एकीने रजेचा अर्ज करायचा आणि दुसरीने तो रोज फेटाळायचा, असं सहा वर्षं चाललंय.

आता मिठाकडे येते, कारण तुम्ही खऱ्या अडकलात त्या तिथे.

‘मीठ माझ्याशिवाय कोणी घालत नाही’ हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय, पण त्यात थोडा अभिमानही आहे, आणि तो असावाच. केंद्राची चव तुमच्या हाताची आहे. पण हाताची चव हातातच राहिली, तर तुम्हाला ताप आला त्या दिवशी केंद्र बंद. मी ज्यांचे हिशेब लिहिले त्यांतले बरेच छोटे धंदे अशाच एखाद्या गोष्टीवर अडलेले असायचे. कुठे भाव फक्त शेठ सांगणार, कुठे गल्ल्याची किल्ली फक्त वहिनींच्या कमरेला. तुमच्याकडे मीठ.

उद्यापासून एवढं करा. भाजीत मीठ घालण्याआधी मिठाची बरणी काट्यावर ठेवा, घालून झालं की पुन्हा ठेवा. जो फरक येईल तो लिहा: बटाटा इतके किलो, मीठ इतके ग्रॅम. तुमचा हात नेहमीसारखाच चालू दे. मापायचं ते तुमच्या हातालाच. मीठ कधी घातलं तेही टिपा, कारण रस्सा आटला की तीच भाजी खारट लागते. आणि मीठ एकाच कंपनीचं ठेवा. बारीक मिठाचा चमचा आणि जाड मिठाचा चमचा वजनाला सारखे भरत नाहीत, म्हणून तर माप वजनाने घ्यायचं. आठ-दहा दिवसांत नेहमीच्या सगळ्या भाज्या, आमटी, कणीक वहीत उतरतील. कणकेचं पाणीही असंच मोजा; गहू बदलला की ते बदलतं, पण किती बदलतं ते तरी कळेल.

मग ती वही तुमच्याकडच्या सगळ्यात जुन्या मावशींच्या हातात द्या. पहिला आठवडा त्यांनी मीठ घालायचं, तुम्ही फक्त चव घ्यायची. पुढच्या आठवड्यात चवसुद्धा घ्यायची नाही. हा दुसरा आठवडा तुम्हाला जड जाणार आहे, मावशींना नाही. ‘आज चव वेगळी वाटतेय’ म्हणणारे दोन-तीन जण निघतीलच, त्यांतला एखादा तर तुम्ही स्वतः केलेल्या भाजीलाही तेच म्हणेल. मावशींचा पगार मात्र त्या महिन्यापासूनच वाढवा. जबाबदारी वाढवून पगार तोच ठेवला, तर त्या उद्या समोरच्या चौकात स्वतःचं केंद्र काढतील, आणि तुमची वही त्यांना पाठ असेल.

आता देवाचं. ‘काम हीच पूजा’ असं सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटले असतील. ऐकायला बरं वाटतं, आणि ज्याचं काम मुळातच संपत नाही त्याला तर फारच सोयीचं. गोरोबाकाकांची कथा आठवा. माती तुडवता तुडवता विठ्ठलाचं भजन, काम आणि भक्ती अगदी एकजीव, आणि रांगत आलेलं स्वतःचं मूल पायाखाली कधी गेलं ते कळलंच नाही. कीर्तनात ही कथा भक्तीची पराकाष्ठा म्हणून येते, पुढे पांडुरंग मूल परत देतो आणि मंडळी डोळे पुसतात. माझं लक्ष मात्र लहानपणापासून त्यांच्या बायकोकडे जातं. ती बिचारी पाणी आणायला जाताना ‘पोराकडे लक्ष ठेवा’ एवढंच सांगून गेली होती.

तेव्हा पुरण वाटताना स्तोत्र म्हणत असाल तर जरूर म्हणा, पण तेवढ्यावर देवाचं झालं असं धरू नका. हात रिकामे असतील आणि फोन खाली गाळ्यात असेल, अशी दहा मिनिटं हवीत. रोज नाही जमली तर आठवड्यातून चार वेळा. रोजची पूजा तुम्हीच करायला हवी असंही नाही. आपल्याकडे कितीतरी घरांत पुरुषच सोवळं नेसून पूजा करत आले आहेत. मिस्टरांची सेकंड शिफ्ट असते त्या आठवड्यात सकाळ त्यांची मोकळीच असते.

सणांचा प्रश्न वेगळा. इतरांना सण म्हणजे सुट्टी, तुम्हाला सण म्हणजे सीझन. हे बदलणार नाही आणि बदलूही नये, त्यावर तुमचं वर्ष चालतं. फक्त ऑर्डरीची वही उघडायच्या आधी घरच्या सणाची वेळ त्यात लिहून ठेवा, जसं तुम्ही एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाचं लिहिता. उरलेल्या वेळात घरचं करीन म्हटलं तर वेळ उरत नाही. गणेशचतुर्थीला मोदक लोकांना दुपारच्या नैवेद्याआधी हवे असतात, म्हणजे तुमची घाई सकाळची. प्रतिष्ठापना पहाटेपासून माध्यान्हापर्यंत केव्हाही करता येते असं पंचांगकर्ते दरवर्षी सांगतात. मग घरचा गणपती पहाटेच बसवा आणि नंतर गाळ्यात उतरा. आणि गौरीजेवणाच्या दिवशी पुढच्या वर्षीपासून पुरणपोळीची ऑर्डर घेऊच नका. आदल्या संध्याकाळी नुसतं पुरण विका, अर्धा किलो आणि एक किलोच्या डब्यात. पुष्कळ बायकांना पोळी स्वतः लाटायचीच असते, त्यांना डाळ शिजवून वाटत बसायचं नसतं. त्यात तुमचीही मेहनत निम्मी.

दिवाळी तोंडावर आहे, म्हणून हे आजच ठरवा. फराळाच्या ऑर्डरी वसुबारसेच्या चार दिवस आधी बंद. अर्धे पैसे आगाऊ. जो देत नाही त्याची चकली तळायची नाही. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी शेवटचा डबा गेला की कुलूप, आणि नरकचतुर्दशी ते भाऊबीज केंद्र बंद. डब्याची मुलं त्या दिवसांत गावी जातात, ऑफिसं बंद असतात. मागच्या वर्षीची वही उघडून पाहा, त्या दिवसांत काउंटरवर काय जमा झालं होतं. बोनस देऊन पाचही जणींना घरी पाठवा. आणि यंदा फराळाचा भाव किलोमागे थोडा वाढवा. चार ऑर्डरी कमी येतील. यायलाच हव्यात, कारण गेल्या वर्षी ज्या संख्येला तुम्ही हो म्हणालात ती पाच बायकांची नव्हतीच.

सासूबाई सगळ्यांसमोर बोलल्या, हे चुकलंच. पण दोन वर्षं जेजुरी राहिली आहे आणि त्यांना हल्ली एकटीने जाववत नसणार. नैवेद्याच्या तोंडून जेजुरीच बोलली असं मला वाटतं. त्यांना एक जुनी हकिगत सांगा. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती, तेव्हा जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढली आणि रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली. रविवारच का, तर रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांचं एक कारण होतं. 1890 च्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तिथे दोन कामगार बायकाही बोलायला उभ्या राहिल्या. त्याच वर्षी 10 जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे अंग टेकायला मिळावं आणि देवाचा वार पाळता यावा, ही मागणी कामगारांनी एकदमच केली होती. सासूबाईंचा मल्हारी त्या मागणीत सामील होता म्हणा ना! मला ही हकिगत फार आवडते, म्हणून लांबली.

दिवाळीच्या बंद दिवसांतलाच एक दिवस जेजुरीला द्या. दिवे घाट चढून सासवडमार्गे सकाळी लवकर निघालात तर उन्हं तापायच्या आत गडावर असाल. सासूबाईंना पायऱ्या सावकाश चढू द्या. चंपाषष्ठी आणि सोमवती मात्र टाळा, त्या गर्दीत वयस्कर माणसाचे हाल होतात.

मिस्टरांबद्दल थोडक्यात. ‘बंद करून टाक’ हे वाक्य काळजीपोटी आलं असेल असं मी धरते. पण हप्त्याचा अर्धा भाग कुठून येणार, हे त्याच वाक्यात सांगायला हवं होतं. भांडू नका, हाच हिशेबाचा कागद त्यांच्यापुढे ठेवा आणि दोन कामं नेमून मागा. एक सकाळची पूजा, दुसरं महिन्याचा किराणा आणि सिलेंडरचं बुकिंग. ‘काही मदत लागली तर सांग’ म्हणणाऱ्या माणसाला सांगत बसणं हेही एक कामच असतं.

मुलीला ‘तुला वाईट वाटतं का गं’ असं विचारू नका, दहावीतली पोर ‘नाही’ म्हणून खोलीत जाईल. रविवारी संध्याकाळी नुसतं घरात असा. ती आपणहून येऊन काहीतरी भलतंच सांगेल, एखाद्या मैत्रिणीचं किंवा क्लासच्या सरांचं. तेव्हा भांडी आवरायला उठू नका.

टाचा डॉक्टरांना दाखवा, पुढे ढकलू नका. तोवर शेगडीपुढे जाड रबरी मॅट टाका, सपाट स्लीपर फेकून द्या आणि पॅकिंग उंच स्टुलावर बसून करा.

राहिला फोन. केंद्राचा नंबर आणि तुमचा नंबर वेगळे करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस अ‍ॅपमध्ये ठरावीक वेळेनंतर आपोआप उत्तर जायची सोय आहे, मुलगी दोन मिनिटांत लावून देईल. गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर टाकायला मजकूर देते: ‘येत्या रविवारपासून केंद्र दर रविवारी दुपारी तीननंतर बंद राहील. रविवारच्या ऑर्डरी शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत द्याव्यात.’ क्षमस्व लिहू नका आणि कारणही लिहू नका, नाहीतर ग्रुपवर कारणावर चर्चा सुरू होते आणि शेवटी कोणीतरी ‘निदान पोळ्या तरी ठेवा’ म्हणतं. एवढं करूनही सोसायटीतलं कोणी रविवारी साडेसातला दार वाजवून सहा पोळ्या मागेलच. तेव्हा दार सासूबाईंना उघडू द्या.